बोंडीचा उपास

सत्यवतीने बोंडीचा जबडा दोन्ही हातांनी उघडला, बोटं आत घातली आणि अर्धं बिस्किट बाहेर ओढून काढलं. उरलेलं अर्धं बोंडीने तेवढ्यात गिळलं आणि वर शेपटीही हलवली. ओट्यापुढे सायकल धरून उभे असलेले नत्थुजी किराणावाले हे सारं ओशाळून पाहत होते, कारण बिस्किट त्यांच्याच खिशातलं होतं.

सत्यवतीने त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हिला खाण्याची अ‍ॅलर्जी असावी असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे, दोन महिने उकडलेली मासोळी आणि रताळं सोडून हिच्या तोंडात काही म्हणजे काही जाता कामा नये. नत्थुजींनी मान डोलावली आणि एका बिस्किटाने काय होतं असं विचारलं. जठारपेठेतल्या त्या गल्लीत सत्यवतीने हा प्रश्न त्या आठवड्यात इतक्या जणांकडून ऐकला होता की तिचं डोकंच उठलं. दारात आलेल्या जिवाच्या हातावर काहीतरी टेकवल्याशिवाय इथे कुणाला चैन पडत नाही, मग तो जीव दोन पायांचा असो की चार.

"नत्थुजी, उपास हाये तिचा," ती वैतागून म्हणाली.

नत्थुजींचा चेहराच उतरला.

"मंग पयलेच सांगाचं न, बाई. माह्या हातानं मोडला न तिचा उपास."

ते सायकल ढकलत निघून गेले, आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांनी एकदा वळून कुत्रीकडे पाहिलंसुद्धा. सत्यवती ओट्यावर बसून राहिली. डॉक्टरांच्या कागदाने जे होत नव्हतं ते या एका शब्दाने करून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली. बोंडीचा उपास आहे, कडक आहे, आणि तो मोडणाऱ्याला पाप लागणार आहे.

बोंडी या घरात आली तीच मुळी चार दिवसांसाठी. अमरावतीला बँकेत असलेल्या आकांक्षाला ती रस्त्यावर सापडली होती. फुटलेल्या कापसासारखं पांढरं पिल्लू, म्हणून बोंडी. "आई, चार दिवस सांभाळ," म्हणून लेक गेली ती गेलीच. मग चपला गेल्या, चष्म्याचं घर गेलं, आणि नवऱ्याच्या, खुशालरावांच्या, मोज्यांपैकी प्रत्येक जोडीतला एकेक गेला. खुशालराव वर्तमानपत्राची सुरळी करून धावायचे. मारू नका, तिला चावायला तिची स्वतःची वस्तू द्या आणि ती चावली की शाबासकी द्या, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई डॉ. संध्यांनी सांगितलं तेव्हा, माझ्या मोज्यांना शाबासकी कोण देणार, असं त्यांनी सरळ तोंडावर विचारलं होतं.

मोज्यांचं एक वेळ चाललं असतं. पण बोंडीला खाज सुटली. मान खाजवून खाजवून उघडी पडली, पंजे चाटून लाल झाले. खुशालराव मूळचे भातकुलीचे, शेतकऱ्याच्या घरचे. शेतावरची कुत्री मिळेल ते खातात आणि ठणठणीत असतात, मग हिचेच चोचले कशाला, असा त्यांचा सवाल होता. डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, ही खरूज नाही, माणसांना लागायची नाही, बहुधा खाण्यातलं काहीतरी बाधतंय, म्हणून सांगितलं. त्यावर खुशालरावांनी दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात खाज गेली तर ठीक, नाहीतर धाकटा भाऊ गोपाल येईल आणि हिला शेतावर घेऊन जाईल.

सत्यवतीने मुदत मान्य केली खरी, पण तिचा जीव टांगणीला लागला. लेक नोकरीला गेल्यापासून या घरात दुपारी घड्याळाचा आवाज ऐकू यायचा. बोंडी आल्यापासून तो ऐकू येत नव्हता. तिला ती कुत्री हवी होती, इतकं साधं होतं ते.

म्हणून तिने कंबर कसली. जन्मात कधी मासोळीला हात लावला नव्हता, तर शेजारच्या सुंदराबाईंना गाठलं. सुंदराबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आमच्या बौद्धांच्या घरी उपास नाहीत, पण तुमच्या कुत्रीचा उपास मी तडीस नेते, असं म्हणून त्यांनी आपल्या गॅसवर बिनमिठाची मासोळी उकडून, काटे काढून द्यायचं कबूल केलं. सत्यवती झाकणाचा डबा हात लांब करून, मान दुसरीकडे फिरवून घरी आणायची. उपासाला मासोळी चालते का हो, असं सुंदराबाईंनी एकदा हसत विचारलं.

"कुत्रीच्या उपासाले चालते," सत्यवती म्हणाली.

आणि उपास खरोखर पाळला गेला. गल्लीतल्या कुणीही बोंडीला पोळीचा तुकडा टाकला नाही. लग्नाच्या पंगतीतून आलेल्या एका पाहुण्याने बुंदीचा लाडू पुढे केला, तर चार पोरांनी त्याचा हात धरला. सत्यवतीला धन्य वाटलं.

खाज मात्र जागच्या जागी होती.

दोन महिने भरले तसा खुशालरावांनी गोपालला फोन केला आणि बुधवारी ये म्हणून सांगितलं. शनिवारी सत्यवतीने ऑटो बोलावला, बोंडीला मांडीवर घेतलं आणि शेवटचं दाखवून आणते म्हणाली. खुशालराव न बोलावता शेजारी येऊन बसले.

डॉ. संध्यांनी मान पाहिली, पंजे पाहिले, कान उलटून पाहिले. बाहेरचं काही खाण्यात आलं का, असं त्यांनी विचारलं.

"एक कण नाही," सत्यवती अभिमानाने म्हणाली. "कडक उपास ठेवला, बाई. सारी गल्ली साक्षीला हाये."

"उपास?"

मग सत्यवतीने सारं सांगितलं; उपास म्हणता म्हणता तिच्याही मनात तो खरा उपासच होऊन बसला होता. नत्थुजींनी पाप फेडायचं म्हणून दर दोन दिवसांनी राजगिऱ्याचा लाडू आणून दिला. समोरच्या घरून शेंगदाण्याचा कूट घातलेली बटाट्याची भाजी यायची. एकादशीला भगर. कुठे धान्याचा दाणा नाही, मीठसुद्धा सैंधव. आणि संध्याकाळी वाटीभर दूध. ती एकेक सांगत गेली तशी डॉक्टरांची लेखणी हळूहळू थांबत गेली.

"दूध कोण देतं, काकू?"

"मीच. उपासाले दूध चालते न."

डॉक्टर हसल्या नाहीत. ओठ दाबून त्यांनी हसू आत ठेवलं, हे सत्यवतीला दिसलं.

"काकू, उपास देवाला कळत असेल. अंगाला नाही कळत. पोटात काय गेलं, एवढंच अंगाला कळतं. दूधच बाधलं असं मी म्हणत नाही, पण दूध, दाणे, लाडू पोटात जाताहेत तोवर मला कळणारच नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

सत्यवतीचं तोंड एवढंसं झालं. दोन महिने ती गल्लीवर पहारा देत होती आणि रोज संध्याकाळी वाटी भरत होती स्वतःच्याच हाताने. तिने बोंडीला जवळ ओढून धरलं. बोंडीला तेवढ्यातही मान खाजवायची होती.

खुशालराव दाराशी उभे होते. आता हे टोमणा मारतील, म्हणून सत्यवतीने मान खाली घातली. कारण तिला स्वतःला साखरेचा त्रास होऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिचे डॉक्टरही दरवेळी हेच सांगायचे, की उपाशी राहू नका आणि साबुदाण्याला हात लावू नका. तरी सोमवार, गुरुवार, दोन्ही चतुर्थ्या आणि एकादशी तिने सोडली नव्हती. खिचडी, लाडू, बटाट्याचा कीस, वर साखर घातलेलं दूध, सगळं उपासाला चालणारं. मागच्या श्रावणात ती ओट्याशी चक्कर येऊन पडली. खुशालराव त्या दिवशी घर डोक्यावर घेऊन ओरडले होते. देवाचं देव पाहून घेईल, असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून त्यांनी तो विषयच सोडला होता.

पण टोमणा आला नाही. भिंतीवरच्या म्हशीच्या लसीकरणाच्या चित्राकडे ते बघत राहिले.

परतताना ऑटोत सत्यवतीनेच तोंड उघडलं.

"अजून दोन मयने द्या तिले."

खुशालरावांनी मांडीवरून घसरणाऱ्या बोंडीला सावरलं.

"देतो," ते म्हणाले. "पण नियम दोघीले लागू. तिले बी अन् तुले बी."

एका कुत्रीपायी देवाशी सौदा करायचा, ही काय रीत झाली, असं सत्यवतीला वाटत होतं. आणि हे मनातल्या मनातही तिला जोरात म्हणता येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी तिने साबुदाणा धुऊन भिजत घातला. नेहमीसारखाच. बोंडीला मात्र दूध दिलं नाही. बोंडी रिकाम्या वाटीपाशी बसून राहिली.

सोमवारी सकाळी खुशालराव पाणी प्यायला आत आले. झाकण उचलून त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि ते परत ठेवलं, आवाज न करता. मग फोन घेऊन ते ओट्यावर गेले. गोपालला बुधवारचं अजून कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. सत्यवती हातातलं काम तसंच टाकून दारामागे उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली.

बोलणं ऐकू येईना. तिने डोकावून पाहिलं. फोन गुडघ्यावर पडला होता आणि खुशालराव त्याला हातही न लावता समोर बघत बसले होते. तिला वाटलं होतं, चेहऱ्यावर राग असेल. राग नव्हता. मागच्या श्रावणात शुद्धीवर आल्यावर तिला जो चेहरा आधी दिसला होता, तोच होता हा. ते घाबरलेले होते. कुत्रीचा त्यात काही संबंध नव्हता.

सत्यवती मागे फिरली. साबुदाणा निथळून तिने गल्लीतल्या गाईपुढे ठेवला, हात धुतले आणि कणीक काढली. नेहमी सोमवारी एकट्यापुरती भिजवायची, आज दोघांपुरती भिजवली. अंबाडीची भाजी केली. पोळ्या झाल्यावर दोन ताटं वाढली आणि हाक मारली.

खुशालराव आले. त्यांनी ताटांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पाटावर बसले.

"भाऊजीले फोन केला?" सत्यवतीने विचारलं.

"आता करतो. येऊ नको म्हणतो."

"जेवल्यावर करा."

बोंडी दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहू लागली. खुशालरावांनी पोळीचा तुकडा मोडला. त्यांचा हात ताटावरून सरळ बाजूला, खाली, बोंडीच्या तोंडापर्यंत गेला, रोजच्या सवयीचा असावा तसा. तिथे तो थबकला. मग त्यांनी तो तुकडा हळूच वर आणून स्वतःच्या तोंडात टाकला आणि मान खाली घालून चावू लागले.

सत्यवतीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. डोळे मिटून तिने देवाची माफी मागितली, पोळीचा घास मोडला आणि भाजीला लावून खाल्ला. भूक तर केव्हाची लागली होती.