सूनबाईने वाचून दाखवलेला सिनेमा

या मित्रांनो, बसा. उड्या मारू नका, नीट टेका, म्हणजे एक किस्सा सांगतो. मी एक जुना सोफा आहे. केला तिघांसाठी, पण पाहुणे आले की पाच जण कोंबतात.

सुताराने सांगाडा ठोकला, गादीवाल्याने पोटात काथ्या भरला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा मालकाला पुरून उरेल." उरलो. मालक गेले, मुलगा बोटीवर कामाला, आता बसायला दोघीच. सासू आणि सून. सून घरी शिवणकाम करते, त्यामुळे माझ्या फटीफटीत टाचण्या. पूर्वी लोक म्हणायचे, काय ऐसपैस सोफा आहे! आता अंगावर विटकी चादर. चालायचंच.

सासूबाईंना वाचनाचं भारी वेड. माझ्या हातावर उशी टाकून जाडजाड कादंबऱ्या फस्त करायच्या. जपानी, कोरियन, चिनी, आपल्या भाषेत आलेलं काही सोडलं नाही. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि वाचन बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे. सासूबाई म्हणाल्या, "डोळ्याला सुरी? मेले तरी नाही." सुनेने लाख समजावलं, पण छे!

शेवटी तिने शक्कल काढली. त्याच पुस्तकांवरचे सिनेमे दुपारी लावायचे. खाली बारीक अक्षरं येतात, ती तिने मोठ्याने वाचायची.

मला सिनेमातलं काय कळणार? मला वजन कळतं. सिनेमा रंगला की माणूस कडेला सरकतं, रटाळ असला की पाठीत रुततं. लाँड्री चालवणाऱ्या दोन जावांचा कोरियन सिनेमा लागला, तेव्हा दोघी इतक्या पुढे सरकल्या की माझी पाठ मोकळी. सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकात भांडण पानंच्या पानं चालतं, इथे दोन टोमण्यांत उरकलं. धाकटीचा आवाज मात्र मी वाचताना ऐकला होता, अगदी तसाच." जपानी चित्रकथेवरचा, लिफ्टवाल्याचा सिनेमा लागला, तर त्या चक्क घोरल्या. उठल्यावर म्हणतात, "चित्रातला गप्प माणूस बरा वाटतो गं. सिनेमात गप्प बसला की डोळा लागतो."

गेल्या रविवारी चिनी सिनेमा लावला, होडी चालवणाऱ्या म्हातारीचा. शेवटी ती ऑपरेशनला जाते आणि टेबलावरच मरते. सुनेला काय ठाऊक! ती एकदम ताठ झाली. वाचता वाचता अडली, मग म्हणाली, "ऑपरेशन झकास झालं म्हणे. निघाली घरी."

"मग रडतंय कोण?"

"मुलगी. आनंदाने."

"आणि ही रडकी बासरी?"

"त्यांच्याकडे आनंदाला बासरीच लावतात, आई."

सासूबाई पार कडेला आल्या. "अगं भवाने, ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. मेली ती!"

सून हळूच म्हणाली, "तुम्ही आणखी घाबराल म्हणून..."

"घाबरतेच मी. पण तिचं काळीज झिजलेलं होतं, माझं ठणठणीत आहे. आणि तू अशा थापा वाचायला लागलीस तर मी करू काय? त्या जावा तरी खरंच भांडल्या होत्या का गं?"

"भांडल्या, आई! शप्पथ!"

"आता मलाच बघायला हवं. लाव डॉक्टरला फोन."

सून फोनवर बोलत होती तोवर सासूबाईंनी माझी चादर मुठीत गच्च धरली होती. सुनेची पाठ होती, तिला दिसलं नाही. मला कळलं.

परवा ऑपरेशन आहे. व्हायचं ते होईल, मी काही इथून हलत नाही. तुम्ही मात्र एवढं करा, मित्रांनो. घरात कुणाला काही वाचून दाखवत असाल, तर समोर जे लिहिलंय तेच वाचा. कठीण जागा आली तर थांबू नका, फार तर त्यांचा हात धरून वाचा.