आधी डोळे, मग छाती

“आधी डोळे विचार, मग छाती. आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचार.” मला एमआरआयचं काम शिकवणाऱ्या बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी प्रत्येक पेशंटच्या आधी त्यांचा आवाज कानात येतोच.

त्या दिवशी एक फिटर आला, बायकोला घेऊन. फुप्फुसं निबर होत चालल्याचा संशय होता. सारखे सीटी स्कॅन नकोत म्हणून छातीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेलं. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असं मी विचारलं. त्याने मान हलवायच्या आत बायको कडाडली.

“दम छातीत लागतोय, डोळे कशाला उकरताय? ग्राइंडर सोडून दोन वर्षं झालीत. माझ्या गळ्याची शपथ घेतलीय त्यांनी.”

सकाळची प्रार्थना झाली की मी एक नेम धरते, दिवसभर कुणाला टाकून बोलायचं नाही. त्या बाईने तो मोडायचाच तेवढा बाकी ठेवला. दीड तासाची रांग, दवाखान्याचा कारभार, माझं शिक्षण, सगळं काढून झालं. मी मुकाट्याने नवऱ्याचं घड्याळ आणि पट्टा तिच्या हातात दिला, लॉकरमध्ये ठेवायला बाहेर धाडलं.

तो श्वास रोखायचा सराव करत होता. दहा मोजेपर्यंत खोकला. डावा डोळा सारखा पुसत होता. मी पुन्हा विचारलं. म्हटलं, आतल्या मशीनच्या चुंबकाला शपथ कळत नाही. कण असेल तर तो हलेल, आणि डोळा जाईल.

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“रविवारी दुसऱ्या कारखान्यात ग्राइंडरवर जातो. गेल्या महिन्यात डोळ्यात गेला एक कण. निघाला की नाही, देव जाणे. तिला सांगू नका, ताई. घरात घेणार नाही ती.”

“मी नाही सांगणार, ते तुमचं तुम्ही सांगा. डॉक्टरांपासून मात्र लपवू नका. डोळ्यांचा एक्स-रे मी आत्ता काढायला लावते. साफ निघाला तर छातीही आजच बघू.”

बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगितलं, आधी डोळ्यांचा एक्स-रे लागेल. लोखंडात काम केलेल्या माणसाचा तो सकाळीच काढायला हवा होता, चूक माझी.

“चूक करायची आणि वर शांतपणे सांगायचं,” ती म्हणाली. “देव बघतोय.”

तळमजल्यावरच्या एक्स-रेवाल्याशी माझं वर्षभर बोलणं नाही. माझ्या चिठ्ठ्या तो मुद्दाम तळाशी सारतो. मी फॉर्म उचलला आणि स्वतःच जिना उतरू लागले.