रेडिओ बंद झाला तेव्हा

पडदे शिवणाऱ्या मास्तरांना त्यांची बायको 'रेडिओ' म्हणायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. हा माणूस सुईत दोरा ओवतानासुद्धा बोलायचा! दुकान दोघांचं. ती गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायची, मास्तर शिवायचे. लोक तिला मास्तरीणबाई म्हणत.

शिवता शिवता मास्तर बायकोची खोडी काढायचे. "हिच्याशी लग्न ठरलं तेव्हा मला कमी दिसत होतं," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. ती कात्री न थांबवता म्हणायची, "आणि मला कमी ऐकू येत होतं, नाहीतर हो कशाला म्हटलं असतं?" गिऱ्हाईक हसून बेजार व्हायचं. मास्तरांचा तर दिवसच त्यावर निघायचा.

मग हळूहळू ही परतफेड थांबली. मास्तरांनी खोडी काढावी आणि तिने नुसतं त्यांच्याकडे बघत राहावं. चालताना तिचे पाय घासायला लागले. एक दिवस तिने खालच्या दुमडीचं कापड न धरताच पडदे कापले, आणि कुणाच्या तरी हॉलचे पडदे वीतभर आखूड झाले.

"अगं, खिडकीला हाफ पँट शिवायची का?" मास्तर म्हणाले.

ती हसली नाही, चिडलीही नाही. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला साधे साधे प्रश्न विचारले. आज वार कोणता? ती विचार करत होती, तोवर शेजारून मास्तर कुजबुजले, "गुरुवार, गुरुवार." डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काका, परीक्षा काकूंची आहे. आणि आज बुधवार आहे."

मग त्यांनी मेंदूचा फोटो दाखवला. त्यात पांढरे डाग होते, कुणी चुना शिंपडावा तसे. "मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे धागे असतात. बरीच वर्षं रक्तदाब चढा राहिला, बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या, म्हणून त्या धाग्यांना इजा झालीय. हे डाग जाणार नाहीत. रक्तदाब ताब्यात ठेवला तर आणखी वाढण्याची शक्यता कमी होईल."

"म्हणजे ती मला विसरणार?" मास्तरांनी विचारलं.

"तसं आज तरी दिसत नाही. कामाचा क्रम लावायला, उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांना द्या. मध्ये बोलू नका."

मध्ये बोलू नका! जेवण सोडायला सांगितलं असतं तर एक वेळ जमलं असतं.

घरी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिने "ते जरा..." म्हणायचा अवकाश, मास्तर सुरू. "कात्री? चष्मा? पाणी हवंय?" ती म्हणायची, "हो." मास्तर खूश. आपल्याला बायकोच्या मनातलं सगळं कळतं, असं त्यांना वाटायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "ते जरा..."

"पंखा वाढवू?"

"हो."

पंखा वाढवून मास्तर मशीनवर बसले. जरा वेळाने सहज मान वळवली, तर तिने शिवायला आलेलं पडद्याचं जाड कापड गळ्यापर्यंत ओढून घेतलेलं. तिला थंडी वाजत होती, हो! पंखा बंद करायला सांगत होती बिचारी. उभ्या संसारात तिने मास्तरांना इतके होकार कधी दिले नव्हते, आणि हे सगळे होकार दमून दिलेले होते. मास्तरांनी पंखा बंद केला, तिचे गार हात आपल्या हातांत घेतले आणि लहान मुलासारखे रडले.

त्याच आठवड्यात लेक आली. "बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. तुमच्याने हे झेपायचं नाही." तिचंही खोटं नव्हतं. पोरगी काळजीने अर्धी झाली होती. ती आईच्या पुढ्यात बसली. "आई, येशील ना माझ्याकडे? की इथे राहायचंय?"

मास्तरीणबाईंचे ओठ हलले. शब्द आला नाही.

"बघा, बाबा. तिला कळतच नाहीये."

मास्तरांनी हात वर करून लेकीला थांबवलं. 'जाऊ नकोस गं' हे त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती गेली तर दुकान काय आणि घर काय, सगळंच ओस. पण आपण बोललो की ती 'हो' म्हणणार, आणि तो 'हो' तिचा नसणार. त्यांनी टेबलावरच्या टाचण्या उचलल्या आणि चुण्या घालताना धरायचे तशा ओठांत घट्ट धरल्या. आता बोलायची सोयच नाही!

लेक चुळबुळत होती. मास्तरीणबाई नवऱ्याकडे बघत होती, त्यांच्या ओठांतल्या टाचण्यांकडे बघत होती.

"मी... इथेच राहते."

लेक काही म्हणणार, तोच तिने बोट वर केलं. तिचं संपलं नव्हतं.

"इतक्या वर्षांनी... रेडिओ बंद झालाय," ती सावकाश म्हणाली. "आता कुठे... माझी बोलायची पाळी आलीय."

लेक हसता हसता रडायला लागली. मास्तरांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठांतल्या टाचण्या काही त्यांनी काढल्या नाहीत. न जाणो, तिला अजून काही बोलायचं असलं तर?