मुठीतल्या अक्षता

चातुर्मासात मी दरवर्षी काही ना काही नेम धरते. एका वर्षी मीठ सोडलं. एका वर्षी साखर सोडली आणि गूळ खाऊन अंगानं वाढले. त्या वर्षी मात्र खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं मन दुखवायचं नाही, असा जोडनेम धरला. मिठापेक्षा सोपा वाटला होता. पण श्रावण लागला आणि शेजारच्या भाऊंच्या सुधीरनं सिनेमाला गाणं लिहिल्याचं कळलं.

सिनेमा म्हणजे ‘पोवळ्याच्या बेटाची राणी’. त्याचा पहिला भाग दोन वर्षांपूर्वी कल्याणला लागला होता, तेव्हा आमच्या डोंबिवलीतल्या झाडून साऱ्या बायका जाऊन आल्या होत्या. समुद्रातली एक परी राजासाठी पंख सोडते, दुःखं भोगते आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं. पडद्यावर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि पुढच्या रांगेतल्या गंगुबाईंनी देवळासाठी पदराला बांधलेल्या अक्षता सोडून पडद्यावर टाकल्या. लग्नाला आल्यावर रिकाम्या हातानं कसं बसायचं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून बायका घरूनच तांदळाला कुंकू लावून न्यायला लागल्या. थिएटरचा दारवान धाकू रोज खेळ सुटला की झाडू घेऊन यायचा, आणि त्या महिन्यात त्याच्या कोंबड्या फार सुधारल्या.

भाऊ ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. सुधीरसाठी त्यांनी तिथंच जागा बघून ठेवली होती. सुधीरला कंपनीनं नव्या भागात एकच गाणं दिलं होतं, तेही मंगलाष्टकांचं. ते जमलं तर पुढच्या सिनेमासाठी कायमचा ठेवून घेणार होते. बापलेकांची आठ दिवस धुसफूस चालली. भाऊंचं म्हणणं, गाणी लिहून कुणाचं पोट भरलेलं त्यांनी कोर्टात तरी पाहिलं नव्हतं. सुधीरचं म्हणणं, गाणं ऐकून तरी घ्या. शेवटी भाऊ म्हणाले, “त्या बायका तुझ्या अष्टकांना अक्षता टाकतील, तर जा कंपनीत. नाही टाकल्या, तर सोमवारपासून माझ्याबरोबर ठाण्याला.” सुधीर लगेच कबूल झाला. पडद्यावर लग्न लागलं की बायका अक्षता टाकतातच, हे त्यानं पाहिलं होतं.

साक्षीला मला घेतलं. माझ्या नेमाची बातमी आळीत पसरली होती. मी एकभुक्त राहते आणि दिवेलागणीला देवापाशी वात लावते, म्हणून कल्याणचा दुपारचा खेळ ठरला. भाऊंच्या पत्नी सुहासिनीबाईंनी निघताना सगळ्यांच्या ओंजळीत अक्षता घातल्या. भाऊंनी हात मागे घेतला होता, तर त्यांच्याही मुठीत कोंबल्याच.

आता सिनेमा कसा होता ते सांगायचं, तर नेम सांभाळूनच सांगते. पहिल्या भागाची खीर उरली होती, तिच्यात पाणी घालून पुन्हा उकळी आणावी, तसा अर्धा सिनेमा होता. तेच समुद्राचं गाणं जरा पळवत म्हटलेलं. राणीच्या आठवणीत ती पुन्हा परी होऊन उडायची, तेव्हा वरचा दोर दिसत होता, आणि तिच्या डाव्या पंखाचा कागद सुटून फडफडत होता. प्रधान विनोदी होता, म्हणजे दर पाच मिनिटांनी पडायचा. एक पोपट होता. तो बोलायला लागला की थांबायचाच नाही. दरबारात इतके नाच झाले की राज्य कोण चालवतं, असं शेजारी गंगुबाईंनी मला मोठ्यांदा विचारलं.

पण जिथं परी, म्हणजे आता राणी, काही न बोलता चुलीपुढं बसते, तिथं मात्र थिएटरात कुणी खोकलं नाही. चेटकिणीनं राजाला सरबत पाजलेलं असतं आणि तो राणीला ओळखतच नाही. चेटकिणीच्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. राणीच्याच हातानं मांडव सारवून घेतात.

मग सनया वाजल्या. अंतरपाट धरला आणि सुधीरची मंगलाष्टकं सुरू झाली. मी आजवर पुष्कळ लग्नांत उभी राहिले आहे. पण ही अष्टकं राणी खांबाआडून ऐकते, आणि त्यांत नव्या नवरीला दिलेला प्रत्येक आशीर्वाद तिला आधी मिळून गेलेला असतो. पहिलं कडवं संपलं. एकही दाणा पडला नाही. दुसरं संपलं, तरी नाही. मी वळून पाहिलं. सगळ्या बायकांच्या मुठी मांडीवर घट्ट मिटलेल्या. मागून कुणीतरी म्हटलं, “टाकू नका गं, टाकल्या की लागलं लग्न.” गंगुबाई तर उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या भटजींना म्हणाल्या, “अहो, याची पहिली आहे. आम्ही होतो लग्नाला.”

सुधीर आमच्यापुढच्या रांगेत होता. त्याची मान खाली गेली, ती सिनेमा संपेपर्यंत वर आली नाही. पुढं सरबताचा अंमल उतरला, राजा राणीच्या पाया पडला, पोपट पुन्हा बोलला. अक्षता काही पडल्या नाहीत, कारण लग्न मोडल्यावर टाकायच्या कशाला?

बाहेर ओसरीवर भाऊ छत्री टेकून उभे राहिले. डावा हात छत्रीवर, उजवा कोटाच्या खिशात. धाकू रिकामं सूप घेऊन आत जाऊन आला आणि आज कोंबड्यांचा उपास, म्हणून कुरकुरत तिथंच उभा राहिला.

भाऊंनी मला विचारलं, “वहिनी, पडल्या का अक्षता?”

सुहासिनीबाई घाईनं म्हणाल्या की श्रावणात लग्नं नसतात, म्हणून बायकांनी टाकल्या नसतील, हो ना? त्यांनी माझा हात दाबला. हो म्हणणं किती सोपं होतं. पण ते खरं नव्हतं.

“नाही पडल्या,” मी म्हटलं.

सुधीरनं मान हलवली. भाऊ म्हणाले, मग सोमवारी सकाळची गाडी. माझा आवाज मुळात बारीक, त्यात टांगेवाल्यांचा गलका. मला भाऊंच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागलं.

“भाऊ, पण का नाही पडल्या ते विचारा की.” मी माझी मूठ उघडली. तळव्यावर नखं उमटली होती आणि तांदूळ घामानं चिकटले होते. “गाणं पडेल असतं, तर आम्ही सवयीनं टाकून मोकळ्या झालो असतो. सुधीरनं ते लग्न खरंच लागेल, अशी भीती घातली. गंगुबाई तर भटजींशी भांडल्या.”

भाऊ म्हणाले, बायकांचं ठीक आहे, बायका कशालाही भुलतात.

“तुमचा उजवा हात दाखवा,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

भाऊंनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग सुधीरनंच वर पाहिलं. सगळेच त्यांच्या खिशाकडे बघायला लागले, धाकूसुद्धा. शेवटी भाऊंनी हात बाहेर काढला. मूठ उघडायला त्यांना जरा वेळ लागला, बोटं आखडली होती. अक्षता सगळ्याच्या सगळ्या तिथं होत्या आणि कोटाचं अस्तर कुंकवानं लाल झालं होतं.

“त्या पोरीचं चुकलं काय होतं?” भाऊ पुटपुटले. “मेला सरबत पितो कशाला?”

आता हातातल्या अक्षतांचं काय करायचं, हा प्रश्न पडला. पायदळी तर टाकायच्या नाहीत. धाकूनं आशेनं सूप पुढं केलं. भाऊंनी सुपाकडे पाहिलं, सुधीरकडे पाहिलं, आणि मूठ त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

“सोमवारी गाडी कितीची आहे तुझ्या कंपनीची?” त्यांनी विचारलं. “आणि पुढच्या सिनेमात तो पोपट नको, म्हणावं.”

सुधीर वाकला, तसे डोक्यावरचे थोडे तांदूळ घरंगळून सुपात पडले. मग आम्ही बायकांनीही आपापल्या मुठी धाकूच्या सुपात सोडल्या. वात लावायची वेळ गाठायची होती, म्हणून मी सगळ्यांना घाई केली. वाटेत सुधीरनं विचारलं, “काकू, बाकीचा सिनेमा कसा वाटला?”

मी म्हटलं, “कार्तिकीपर्यंत थांब.”