भिंतीवरची बायजा

बायजाला पहिला संशय आला तो चहामुळे.

महाडच्या बाजारात वाचनालयाच्या पडवीत दह्याचं मडकं घेऊन बसण्यात तिचा जन्म गेला होता. तिच्याआधी तिथंच तिची सासू बसायची. एवढ्या काळात गिऱ्हाइकांनी दह्याला आंबट म्हटलं, तुपाला पातळ म्हटलं, पण चहा कुणी पाजला नव्हता. आणि आता ही पूनम मॅडम, मुंबईहून आलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, रोज सकाळी कागदी पेल्यातून चहा आणायची, शेजारी फरशीवर मांडी घालून बसायची आणि विचारायची, "मावशी, तुमच्या सासूबाई मडकं डोक्यावरून आणायच्या ना? चुंबळ कापडाची असायची की गवताची?"

बायजा चहा प्यायची आणि अर्धंच सांगायची. बोकडाला पाला घालणारा हात कशासाठी माया करतो, हे डोंगरावर जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्या मोठ्या पुरात वाचनालय माळ्यापर्यंत बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर पुस्तकांचा लगदा फावड्यानं ओढून काढला आणि दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच. पडवी तेवढी उघडी राहिली. तिथला चिखल बायजानंच खराट्यानं लोटला, नळावरून पाणी आणून फरशी धुतली आणि पुन्हा मडकं मांडलं. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही की बाई तू इथं का बसतेस.

आता कुठून तरी मोठा निधी आला होता. काही नगरपालिकेचा, काही पुण्याच्या कुठल्याशा कलाप्रतिष्ठानचा. सगळ्या गल्लीची 'सांस्कृतिक पेठ' होणार होती. वरच्या मजल्यावर, जिथं पाणी पोचणार नाही तिथं, पुस्तकं. मागं लहानसं नाट्यगृह. पुढच्या चौकात दगडी फरशी, बाकं, कमानीचे दिवे. शिवाय बायकांसाठी शौचालय. या शेवटच्या गोष्टीचं बायजाला मनापासून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच ती जास्त घाबरली.

"मावशे, तुझं आता सोनं होणार बघ," शेजारचा फुलवाला पांडू म्हणाला. त्याचं दुकान पडवीच्या कोपऱ्याला लागून, पण स्वतःच्या गाळ्यात होतं, त्यामुळे त्याला हसायला सवड होती. "गोव्याला जाणारे लोक हायवे सोडून आत वळणार. तुझं दही खाणार."

"आन मी कुठं बसणार?"

"हितंच की. तुला कोण उठवतंय?"

"उठवायचं नसतं तर चहा कशाला पाजला असता रे?"

पूनम त्याच कामावर नेमलेली होती. एक दिवस तिनं बायजाला नव्या चौकाचं रंगीत चित्र दाखवलं. चित्रात पुष्कळ माणसं होती. कुणी बाकावर पुस्तक वाचत होतं, कुणी कुत्रं फिरवत होतं, एक पोरगी सायकल धरून उभी होती. बायजानं पडवीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ शोधलं. पडवीत कुंड्या होत्या.

"मी कुठं हाय यात?"

"तुमच्यासाठीच तर आहे हे सगळं, मावशी," पूनम म्हणाली आणि चित्राची गुंडाळी करू लागली.

बायजानं विचारलं होतं एक, उत्तर आलं होतं भलतंच. तिनं ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

मग रितेश नावाचा केस वाढवलेला चित्रकार आला. त्यानं तिचे पुष्कळ फोटो काढले, दही वाढताना, चुंबळ वळताना, नुसतं बसलेली. आणि पडवीच्या मागच्या भिंतीवर, थेट तिच्या पाठीशी, पायांपासून चित्र काढायला सुरुवात केली. आधी पाय आले, मग मडकं, मग हिरवं लुगडं. बायजा कधी लुगडं नेसत नसे; ते पाहून पांडू म्हणाला, ही तुझी सासू दिसते. पण तोंड उमटलं ते बायजाचंच. भिंतभर बायजा, दाराएवढी उंच, हसणारी.

बाजार येऊन पाहून जाऊ लागला. लोक म्हणत, वा, काय मान मिळाला. बायजाला तो मान वाटेना. तिच्या घरात भिंतीवर दोनच फोटो होते, एक नवऱ्याचा, एक सासूचा, आणि दोघांना हार होते. जित्या माणसाला भिंतीवर कोण चढवतं? जमिनीवरून उठवायचं असलं तरच.

चित्र पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे कार्यवाह तळकर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालणारा, गोड बोलणारा माणूस. "बायजाबाई, उद्घाटनापर्यंत जरा नव्या मार्केटच्या मागं बसता का? इथं कामं चालणार, तुमच्या दह्यात धूळ जाईल."

"आन उद्घाटन झाल्यावर, भाऊ?"

"झालं की बघू."

हा 'बघू' बायजाच्या ओळखीचा होता. तो तिला कोर्टात भेटला होता, तलाठ्याकडं भेटला होता. त्याचा चेहरा नेहमी असाच हसरा असायचा. तरी ती उठली. एकट्या बाईनं कशाला हुज्जत घालावी? मुलगा सुनील मुंबईला. त्याला फोन केला तर म्हणाला, आये, डेव्हलपमेंट होतेय, होऊ दे, सगळीकडे हेच चाललंय.

मार्केटच्या मागं उघडं गटार होतं. तिथं दही घ्यायला कोण येणार? जुनी गिऱ्हाइकं पडवीपाशी जात, भिंतीवरच्या बायजाला बघत आणि परत फिरत. एका दुपारी ती मुद्दाम बघायला गेली, तेव्हा पडवीला पितळी खांब लागले होते आणि खांबांना जाड साखळी. "चित्राला कुणी हात लावू नये म्हणून," पूनमनं सांगितलं, पण तिच्या डोळ्यांकडं न बघता.

साखळी नेमकी तिच्या बसायच्या जागेच्या पुढून गेली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तळकरांनी पांडूला झेंडूच्या माळा सांगितल्या. पडवीभर तोरणं बांधून झाली तरी एक हार उरला. पांडू म्हणजे सवयीचा गुलाम. माणसाचं एवढं मोठं चित्र बिनहाराचं बघून त्याला चैन पडेना. त्यानं शिडी लावली आणि हार वरच्या खिळ्यांना अडकवून बायजाच्या गळ्यात सोडला. छान दिसला. मग तो चहाला गेला.

नेमका त्याच वेळी रामा कोर्टाची तारीख करून पडवीत टेकायला आला. रामा बायजाच्या माहेरचा, कशेडी घाटावरच्या वाडीतला. महाडला आलं की बायजाच्या हातचं ताक पिऊनच एसटी धरायची, ही वाडीची रीत. त्यानं पाहिलं: बायजाची जागा रिकामी, पुढं साखळी, वर भिंतीवर बायजा, गळ्यात हार. त्यानं टोपी काढली, चित्राला हात जोडले आणि कुणालाही काही न विचारता डेपो गाठला. विचारायचं काय त्यात? अशी बातमी घेऊन वाटेत थांबायचं नसतं.

वाडीत मोबाईलला रेंज येत नाही. सोनबा, बायजाचा थोरला भाऊ, रात्रभर बसून राहिला आणि पहाटे सगळी भावकी घेऊन खाली उतरला.

सकाळी बायजा गटाराकाठी मडकं ठेवते न ठेवते तोच चौकातून रडण्याचा आवाज आला. बाजारात भांडण ऐकू येतं, भजन ऐकू येतं. असं हेल काढून रडणं येत नाही. तिनं कान दिला. आवाज ओळखीचा होता. "आता वन्सं म्हनून हाक कुनाला मारू गो..." ही तर तिची वहिनी.

मांडवाच्या कापडाआडून तिनं पाहिलं. खुर्च्या मांडलेल्या, लाल गालिचा टाकलेला, आणि पडवीत, साखळीच्या आत, तिचं अख्खं माहेर फतकल मारून बसलेलं. बायका भिंतीला कपाळ टेकून रडत होत्या. भिंतीवरची बायजा हसत होती.

तळकर घामाघूम झाले होते. "अहो, त्या जिवंत आहेत. चांगल्या धडधाकट आहेत. उठा बघू, पाहुणे यायची वेळ झाली."

"कोन सांगतंय?" सोनबानं मान वर केली.

"मी सांगतोय. मी कार्यवाह आहे इथला."

"मग दावा."

"त्या जरा पलीकडे बसतात हल्ली."

"पलीकडं कुठं? माझी भैन लगीन करून आली तवापासून हितं बसते. तिची सासू हितं बसली. जित्ती हाय तर जाग्यावर का नाय? आन हार कशाला घातलाय?"

तळकरांनी पांडूकडं पाहिलं. पांडू तोरणाची गाठ तपासू लागला.

"आमाला घरच्या मानसानं पानी दिल्याबिगर आमी उठत नाय," सोनबा म्हणाला. "रीत हाय. आन तुमचा काय भरवसा? मानूस कुठं ठेवलंत ते आधी सांगा."

बायजाचं एक पाऊल पुढं पडलं. वहिनीचा घसा बसत चालला होता. तिला रडू देणं बरं नव्हतं. पण पाऊल तिथंच अडलं. आत्ता पुढं झालं तर काय होईल? वहिनी गळ्यात पडेल, सगळे हसतील, तळकर सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि दुपारी ती पुन्हा गटाराकाठी. तिनं कापड सोडलं, मागं आली आणि आपल्या मडक्यापाशी बसली. माहेरच्यांचं पाप लागेल का, असंही मनात आलं. पण ती उठली नाही.

आधी पांडू धावत आला. "मावशे, चल लवकर. तू मेलीस."

"मग मेलेलीला चल काय म्हनतोस?"

मग पूनम आली, तोंड उतरलेलं. "मावशी, पहिल्या नकाशात मी तुमची जागा ठेवली होती. खरंच. वरच्या बैठकीत ती खोडली."

खरं बोलत असेल, बायजाला वाटलं. नसेलही. "हे तवा का नाय सांगितलंस गो? चहा तर रोज पाजत होतीस."

पूनम तिथंच, गटाराच्या कडेला, उभी राहिली.

शेवटी तळकर स्वतः आले, नाकाला रुमाल लावून. "बायजाबाई, तुमच्या लोकांना जरा सांगा. पाहुण्यांची गाडी पुलावर आलीय."

"साखळी काढा, भाऊ. हार काढा. मग येते."

"बरं, आजचा दिवस काढू."

"आजचा दिस नाय."

"मग बघू ना आपण नंतर..."

"तुमी बघा. मी बसते." तिनं मडक्यावरचं फडकं सारखं केलं.

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. तळकरांनी रुमाल खिशात घातला. "काढतो. कायमची."

"चारचौघांत काढा. तुमच्या हातानं."

आणि तळकरांनी काढली. मांडवातल्या लोकांदेखत वाकून आकडे सोडवले, साखळी बाजूला केली. पांडूनं शिडीवर चढून हार उतरवला. बायजा मडकं घेऊन गालिच्यावरून चालत आली आणि भिंतीला पाठ लावून आपल्या जागी बसली.

वहिनीचा हेल मध्येच तुटला. पुढं होऊन तिनं बायजाच्या पाठीत असा धपाटा घातला की मडक्यातलं दही हललं. "मेले, चूल न पेटवता आलो आमी." आणि हसत रडत तिथंच बसली. सोनबानं डोळे पुसले. "खोटी बातमी उठली, आयुष्य वाढलं तुझं. आता पानी दे सगळ्यांना." बायजानं पाणी दिलं, मग वाटीवाटी दही दिलं. तेवढ्यात पाहुणे आले, डोंगरातली एवढी माणसं भिंतीखाली दही खाताना पाहून थबकले आणि टाळ्या वाजवू लागले. "वा, जिवंत देखावा. फार कल्पक." तळकरांनी मान डोलावली, जणू त्यांनीच बसवलं होतं सगळं.

बायजानं ती मान पाहिली आणि संशयाची गाठ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. साखळी नव्हती, पितळी खांब मात्र होते, आणि त्यांचे आकडे रिकामे, वाट बघत असल्यासारखे. तिनं मडकं मांडलं. गिऱ्हाइकं येऊ लागली. गोव्याकडं जाणारं एक कुटुंबही आलं, फोनवर फोटो काढायला.

तळकर लगबगीनं पुढं झाले, आवाज मधाळ. "बायजाबाई, जरा बाजूला सरकता का? तुमच्यामुळे चित्र झाकतंय."

बायजानं मागं वळून पाहिलं. भिंतीवरची बाई हसत होती. असं तोंडभर हसताना बायजाला बाजारात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"तिला सांगा सरकायला," ती म्हणाली आणि वाटीत दही घातलं. "ती नवी हाय हितं."