इर्मिनची जागल

वादळ येणार म्हटलं की रोझो या बेटावरच्या बंदरगावात दोन गोष्टींसाठी झुंबड उडते, खिळे आणि पाव. इर्मिन लॅरॉक यांतल्या एकाही रांगेत कधी उभी राहिली नव्हती. तिला खिळे लागत नसत, कारण वादळात ती घरी नसायचीच. ती पेढीत असायची, जागलीला.

पेढी म्हणजे बंदराजवळची पतपेढी. गोदीतले हमाल, मासळीवाल्या बायका, केळीचे बागायतदार, शाळामास्तर, सगळ्यांचा पैसा तिथे, आणि त्या पैशाचा सगळा हिशेब आतल्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर इर्मिनच्या ताब्यात. वादळाचा इशारा झाला की बाकीची मंडळी दुपारीच घराकडे पळत. कुणाला लेकरं, कुणाला म्हातारी आई, कुणाला छपराचे पत्रे बांधायचे. इर्मिनची आई केव्हाच गेली होती आणि ग्वादलूप बेटावर लग्न करून गेलेली बहीण नाताळच्या फोनापुरती उरली होती. तेव्हा जागलीला कोण बसणार हा प्रश्न पेढीत पहिल्या वादळाला एकदा विचारला गेला, आणि नंतर कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. "तुमच्या घरी कोण वाट बघतंय, मिस इर्मिन?" असं कुणीतरी हसत म्हणालं होतं. तिनंही हसून सोडून दिलं होतं. माणसं असं बोलतात आणि विसरतात, ज्याला लागतं तो विसरत नाही.

काम तसं सरळ. वीज आहे तोवर सगळ्या खात्यांची प्रत हार्ड डिस्कवर उतरवायची. मग ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायची, कारण उघडून न बघितलेल्या प्रतीवर विसंबणं म्हणजे देवावर हवाला. मग सर्व्हर नीट बंद करायचा, डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि डबा घेऊन वरच्या मजल्यावरच्या तिजोरीच्या खोलीत जाऊन बसायचं. बाहेर सगळं गाव उलटंपालटं होत असताना इर्मिन मांडीवर डबा घेऊन बेक, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या भाकऱ्या, आणि खारा मासा खात बसलेली असे. खरं सांगायचं तर ते तिचे सुखाचे दिवस होते. मागच्या मोठ्या वादळात खाली छातीइतकं पाणी शिरलं, सर्व्हर चिखलात गेला आणि डबा कोरडा राहिला. शहरातल्या बड्या बँका कुलपं लावून बसल्या होत्या तेव्हा पेढीच्या दारात लोकांना आपले पैसे मिळत होते. मासळीवाल्या बायकांनी तिचे मुके घेतले. रेडिओवर तिचं नाव आलं. त्या एका नावावर ती पुढची कित्येक वर्षं जगली, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा नवा मॅनेजर आला, केर्विन प्रॉस्पर. चांगला मुलगा, इर्मिननं त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेलं. त्यानं नवीन सॉफ्टवेअर आणलं. इथल्या सर्व्हरवर जे काही बदलेल ते दर थोड्या मिनिटांनी आपोआप कॅनडातल्या एका यंत्रावर उतरायचं. इथला सर्व्हर बुडाला तर तिकडचा उभा राहून काम पुढे चालवायचा. एका शुक्रवारी, ऐन गर्दीत, त्यानं सगळ्यांना बोलावलं.

"मिस इर्मिन, बंद करा सर्व्हर."

"आत्ता? खिडकीवर माणसं उभी आहेत, केर्विन."

"म्हणूनच म्हणतोय. वायर ओढा सरळ."

तिनं आयुष्यात सर्व्हरची वायर ओढली नव्हती. तरी ओढली. पंखे बंद पडले आणि खोली एकदम मुकी झाली. बाहेर क्षणभर संगणकांचे पडदे अडकले आणि पुन्हा चालू झाले. खिडकीवरची म्हातारी पैसे मोजून पोलक्यात खोचून निघूनही गेली. तिला काही कळलंच नव्हतं.

"बघा!" केर्विननं टाळी वाजवली. "सर्व्हर मेला, आणि कुणाला पत्ता नाही!"

सगळे हसले, टाळ्या झाल्या. इर्मिननंही वाजवल्या. मग केक आला, त्यावर तिचं नाव. "आता वादळात तिजोरीत बसणं संपलं," केर्विन म्हणाला. "आता तुम्हीही आमच्यासारख्या घरी. चारचौघांसारखं वादळ झोपून काढा." तो मनापासून बोलत होता, हेच तर वाईट होतं. तिला धड रागावताही येईना. तिनं केकचा तुकडा संपवला आणि बशी धुऊन ठेवली.

सप्टेंबरात वादळ आलंच. इशारा झाला त्या दुपारी केर्विननं पेढी बंद केली, सगळ्यांना "जपून राहा" म्हणाला आणि गाडीत बसून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा भरू लागला तसा, इर्मिननं सवयीनं पिशवी भरली. बेक, मासा, टॉर्च, रेडिओ, आणि तो रिकामा बिस्किटांचा डबासुद्धा. आपण कुठे निघालो हे तिला ठाऊक होतं आणि तिथे आपलं काही काम नाही हेही ठाऊक होतं. तरी पाय निघाले.

समोरच्या घरात तितीन सेराफिन शिडीवर चढून खिडकीला फळी ठोकत होती. दोघी एकाच वयाच्या, एकाच गल्लीत जन्म काढलेल्या. तितीनच्या तोंडात खिळे होते. ते हातावर थुंकून ती म्हणाली, "निघालीस का पेढीत? मज्जा आहे बाई तुझी! आम्ही मरतो इथे पत्र्याखाली, आणि तू जाड भिंतींआड बसून बेक खाणार."

आता नाही म्हणायचं होतं. नाही गं, मला आता कुणी बोलवत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण शिडीवरच्या बाईला खालून असलं काही सांगवत नाही. इर्मिननं हात हलवला आणि म्हणाली, "निघाले बघ."

पेढीला लोखंडी झडप लावलेली होती. पहारेकरीही घरी गेला होता. आत खोलीत तो सर्व्हर एकटाच घरघरत असणार, वीज जाईपर्यंत. तिनं झडपेवर हात ठेवला, उगीचच, आणि पाऊस सुरू झाला तशी मागच्या बोळातून घरी परतली. पुढून आली असती तर तितीननं पाहिलं असतं. मग काय सांगणार होती?

स्वयंपाकघरात आल्यावर तिच्या ध्यानात आलं की या घराला वादळ माहीत आहे, पण वादळातलं घर आपल्याला माहीत नाही. खिडक्यांना फळ्या नव्हत्या. पाणी भरलेलं नव्हतं. आजवर प्रत्येक वेळी ती परत आल्यावर मोडलेलं ते दुरुस्त करून घ्यायची, एवढाच तिचा आणि घराचा वादळातला संबंध. फोन अजून चालू होता. तिनं तो टेबलावर आपल्यासमोर ठेवला. पेढीतलं कुणीतरी करेल. केर्विन करेल, नाहीतर खिडकीवरची मर्ल करेल. 'पोचलात ना घरी?' एवढं एक वाक्य. आपण आधी फोन करायचा नाही, असं तिनं ठरवलं. लहान मुलासारखा हट्ट होता तो, तिलाही कळत होतं. पण एकदा तरी बघायचं होतं, आपण कुठे आहोत हे कुणी आपणहून विचारतंय का.

फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून गेल्या. फोन आला नाही.

मग जे झालं ते तिनं न्हाणीघरात, गादी अंगावर ओढून, ऐकलं. तिजोरीत वादळाचा नुसता गुरगुराट यायचा. इथे ते प्रत्यक्ष घरात शिरलं होतं. पुढच्या खोलीवरचा पत्रा आधी फडफडला, मग किंचाळत सुटला, आणि एकामागून एक सगळे गेले. ती मोठ्यानं रडली. इतकी वर्षं वादळाला न भिणारी बाई म्हणून मिरवलं, पण भीती वाटण्याइतकी ती वादळाच्या जवळ कधी गेलीच नव्हती.

सकाळी ऊन पडलं. अंगणातलं नीरफणसाचं झाड आडवं झालं होतं. पुढच्या खोलीत आभाळ होतं. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर शाबूत, आणि ती शाबूत. गल्लीत माणसं एकमेकांना हाका मारत होती. प्रत्येक घरापुढे थांबून, नाव घेऊन. "मा लिझी?" "आहे रे!" "ऑगस्टिन?" "आहे, पाय दुखावलाय!" हाका जवळ येत गेल्या. इर्मिन उठून उभी राहिली, केस सारखे केले. घसा खाकरून मोकळा केला.

तिच्या दाराशी हाक थांबलीच नाही.

"इथलं छप्पर गेलं बघा," तितीनचा जावई हबर्ट म्हणाला.

"ती पेढीत आहे," तितीन म्हणाली. "मजेत असेल. ते दोन पत्रे चांगले दिसतायत, उचल ते. मागाहून सांगू तिला. पोरांच्या डोक्यावर आधी घालू."

पत्रे फरफटत गेले. इर्मिन खिडकीच्या कडेला उभी राहून आपलं छप्पर समोरच्या घरावर चढताना बघत होती. ओरडली असती तर चार पावलांवर होती माणसं. पण आता हट्ट नव्हता, आता लाज वाटत होती. रात्रभर घरात असून कुणाला ठाऊक नसलेल्या बाईनं सकाळी दार उघडून काय म्हणायचं?

तिनं रेडिओ लावला. बराच वेळ खरखर, मग केर्विनचा आवाज आला, दमलेला पण खूश. पतपेढीचं कार्यालय बुडालं असलं तरी एकाही खात्याचा आकडा हरवलेला नाही, म्हणाला. सगळा कारभार कॅनडातल्या यंत्रावर सुरू आहे, टेकडीवरच्या शाळेतून उद्यापासून पैसे मिळतील. "आणि आमचे सगळे कर्मचारी," तो म्हणाला, "आपापल्या घरी सुखरूप आहेत."

इर्मिननं रेडिओ बंद केला. पेढीला वाटत होतं ती घरी आहे. गल्लीला वाटत होतं ती पेढीत आहे. दोन्ही ठिकाणी तिची नोंद होती, आणि उघडून कुणी बघितलं नव्हतं. तिच्या धंद्यात माणसं नेमकी अशीच बुडतात. हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

दुपारी तितीननं रस्त्यातच कोळशाची शेगडी पेटवली आणि पडलेले नीरफणस भाजायला घेतले. वास घरात आला तेव्हा इर्मिनला आठवलं की आपण कालपासून काही खाल्लेलं नाही. ती दार ओढून बाहेर आली.

तितीनच्या हातातला चिमटा खाली पडला. "बोंद्ये! देवा रे, तू? तू कधी आलीस?"

"मी इथेच होते."

"इथे कुठे?"

"घरात. न्हाणीघरात. पेढीला माझी गरज नाही आता, मशीनच करतं सगळं. काल तुला खोटं सांगितलं."

तितीननं आधी तिच्याकडे, मग आपल्या छपरावरच्या पत्र्यांकडे पाहिलं. "आणि हाक नाही मारलीस? मी दारात उभी होते तुझ्या!"

"कुणी विचारतंय का ते बघत होते," इर्मिन म्हणाली. "कुणीच विचारलं नाही गं. कुणालाच ठाऊक नव्हतं मी कुठे आहे. मला फार भीती वाटली, तितीन."

तितीननं वाकून चिमटा उचलला, फ्रॉकला पुसला. तिला राग आला होता, आणि तो आजचा नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "मला एक सांग. मागच्या वादळात माझा नवरा, ऑक्टेव्ह, होडी काठाला बांधायला गेला तो आलाच नाही. तू पेढीतून आलीस, गळ्यात फुलं, रेडिओवर नाव. या गल्लीतून रोज गेलीस-आलीस. तू कधी विचारलंस मला?"

इर्मिनला ठाऊक होतं. फार चांगलं ठाऊक होतं. ऑक्टेव्ह सेराफिनच्या खात्यापुढे 'मयत' ही नोंद तिनंच टाकली होती. नोंद बिनचूक होती, आणि नेहमीप्रमाणे तिनं तिची प्रतही काढून तपासली होती. काम आवरलं की समोर जाऊन येऊ, असं त्या दिवशी मनात आलं होतं. मग काम आवरलं नाही, आणि आवरलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मग वर्षं गेली.

"त्याची नोंद मी टाकली होती," ती म्हणाली.

"मग? मी समोरच तर राहत होते."

तितीननं भाजलेल्या नीरफणसाची काळी साल सोलली, अर्धा पानावर ठेवून तिच्यापुढे केला आणि दगडाकडे बोट दाखवलं, बस म्हणून. इर्मिन बसली. पण तिनं खायला हात लावला नाही.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"ऑक्टेव्हचं. त्या दिवशी काय झालं ते."

"आता?"

"आता."

तितीननं कोळसे हलवले. "सकाळी त्यानं कोको घेतला," मग ती म्हणाली, "आणि कप तसाच ठेवून गेला. आल्यावर धुतो म्हणाला." ती सांगत गेली, हळूहळू, सगळं. सांगताना तिनं एकदाही इर्मिनकडे पाहिलं नाही.