चादरीखालचा हात

गिअरच्या दांड्यावरची ती काळी गोळी — लिंबापेक्षा थोडी मोठी, एका बाजूनं इतकी झिजलेली की वरचे आकडे जाऊन नुसत्या पांढुरक्या रेघा उरल्या होत्या — विरुपाक्षच्या डाव्या तळव्यात अशी काही बसली की त्याला सकाळची पूजा आठवली, तळहातावरचं इष्टलिंग, तेच वजन, तोच गारवा... आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून त्यानं हात काढून घेतला. शिव शिव. कशाची बरोबरी कशाशी करतो आपण. पण तळव्याला काय कळतं? तळव्यानं ती गोळी पुन्हा मागितली आणि त्यानं ती पुन्हा दिली.

बसायचं तरी किती खाली! पाय समोर लांब सोडायचे, बूड जवळजवळ जमिनीला, आणि काचेतून रस्ता दिसायच्या ऐवजी आधी ते लांबलचक लाल नाक दिसायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असल्या गाडीत शिरू नये, आणि शिरलाच तर बाहेर पडताना कुणी बघायला नसावं. ईश्वरप्पा बघत नव्हता. तो गोदामाच्या दारात, पेंडीच्या पोत्यांना टेकून उभा होता आणि अंगणापलीकडे, स्वतःच्या घराच्या माडीवरच्या खिडकीकडे बघत होता. जन्मभर बैलांचे सौदे केलेला माणूस. गिऱ्हाईक जनावराला हात लावतं तेव्हा आपण दुसरीकडे बघायचं, ही त्याची जुनी सवय असणार. निदान विरुपाक्षला तसं वाटलं.

दोनच सीटा. मागे काही नाही, एक पिशवी ठेवण्याइतकी फट. कुठल्याशा गिरणीतल्या गोऱ्या साहेबानं आणलेली ही टप उघडणारी गाडी, साहेब गेला, गाडी राहिली. साऱ्या सोलापुरात हिच्यासारखी दुसरी नाही. पण दोनच सीटा, म्हणजे आम्ही कुठं बसायचं? मी आणि गिरिजा? पोरगा बसणार, उद्या त्याची बायको बसणार, आणि आम्ही दारात उभं राहून धूळ खायची. खाऊ की. सोलापूरचीच धूळ असेल ती, मस्कतची तर नाही.

मस्कत. हा शब्द घरात आला त्या दिवसापासून गिरिजाबाईंच्या हाताची चव गेली होती. सांगलीहून इंजिनिअर होऊन आलेला एकुलता एक मुलगा, सिद्धाराम — वाटलं होतं अक्कलकोट रोडला माग आहेत, शेड आहे, चादरीला नाव आहे, पोरगा येईल आणि गल्ल्यावर बसेल. पोरगा आला, शेडमधल्या खडखडाटात थोडा वेळ उभा राहिला, आणि रात्री जेवताना म्हणाला की मस्कतला तेलाच्या कंपनीत त्याचा मित्र आहे. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणाऱ्याला समजावता येतं. हा नुसता हसतो, लांब पाय पाटाबाहेर पसरून बसतो आणि वाढाल तेवढं जेवतो, पाहुण्यासारखा. मग एकदा दोघं बाजारातून येताना ईश्वरप्पाच्या उघड्या दारातून ही लाल गाडी दिसली आणि तो थांबला. "अशी गाडी असती तर कोण मरायला जातंय मस्कतला," एवढंच म्हणाला, चेष्टेत. विरुपाक्षनं ते घरी सांगितलं. गिरिजाबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. "घ्या," त्या म्हणाल्या, "काय वाट्टेल ते करा, पण घ्या."

आणि विरुपाक्ष इथं आला होता, मुलाला न सांगता, मनात एकच इच्छा धरून — की गाडीत खोट निघावी. हो, खोटं कशाला बोला. गाडीची त्याला धास्ती वाटत होती. असली वस्तू, वाऱ्यासारखी पळणारी, आपल्या हातानं पोराला द्यायची! खोट निघाली की घरी जाऊन सांगता येईल, घेणार होतो गं, पण मालच खराब. मग पोरगा गेला तरी आपल्या नकारानं गेला नाही... इतका सगळा विचार करून तो आला होता. व्यापारी माणूस.

पण गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याला कळत होतं कापड. मघाशी ईश्वरप्पानं गाडीवरची चादर ओढून काढली तेव्हा त्याचा हात आपसूक चादरीकडेच गेला होता. मोराची नक्षी, रंग उडालेला, पण माल त्याच्याच मागावरचा. सवयीनं त्यानं ती उलटून पाहिली. चादर कधी सुलट बघायची नसते. वरून सगळ्याच चांगल्या दिसतात, तुटलेला धागा, मारलेली गाठ, केलेला रफू, सगळं उलट बाजूला. मुकादमाला तो वीस वेळा सांगायचा, उलटी कर, उलटी कर.

म्हणून गाडीतून धडपडत बाहेर आल्यावर त्यानं धोतर सावरलं, पेंडीचं एक रिकामं पोतं जमिनीवर पसरलं आणि सरळ गाडीखाली मान घातली. ईश्वरप्पा दारातून म्हणाला, अण्णा, कपडे घाण होतील. आवाज जरा घाईचा होता. खाली अंधार, तेलाचा वास. डोळे सरावल्यावर त्याला गाडीच्या कण्यासारख्या दोन लोखंडी पट्ट्या दिसल्या, आणि उजव्या पट्टीवर, चालवणाऱ्याच्या बरोबर खाली, एक जाड, गाठाळ शिवण. बोट फिरवलं. एकदा मोडून वाकलेलं लोखंड ठोकून सरळ केलेलं, वर तुकडा लावून वेल्डिंगचा डाग मारलेला, त्यावर काळा रंग. रफू. किती का निगुतीनं केलेला असेना, बोटाला लागतोच.

ईश्वरप्पाचा मुलगा, बसवराज, विजापूरहून येताना फटफटीवरून पडला आणि कमरेखालून लुळा झाला, असं गावाला सांगितलेलं होतं. विरुपाक्षही भेटायला गेला होता तेव्हा, मोसंबी घेऊन. फटफटी नव्हतीच ती. गाडीखाली उताणा पडल्यापडल्या त्याला ती मोसंबी आठवली, आणि खिडकीशी ओढून घेतलेली खाट, आणि ती खिडकी अंगणात, ह्याच गोदामावर उघडते हे.

सापडली. खोट सापडली. आता उठायचं, हात झटकायचे आणि घरी जायचं. तो उठला. पण झटकलेले हात घेऊन उभा असताना ईश्वरप्पानं किल्ली पुढं केली, आणि ज्यानं नाहीच म्हणायचं आहे त्याला एकदा चालू करून बघायला काय हरकत, असं मनाशी म्हणत विरुपाक्ष पुन्हा त्या खड्ड्यासारख्या सीटमध्ये उतरला. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. पाठीच्या मणक्यातून आवाज वर चढला. पत्रे थरथरले. आणि त्या आवाजाच्याही वर, माडीवरून, एक तरुण, उत्साही आवाज आला:

"चोक आत ढकला, काका! प्लग वले होतील!"

विरुपाक्षनं दिसेल ते एक बटण आत ढकललं. इंजिन शांत, सुरात चालू लागलं. वर खिडकीच्या गजांना धरलेली बोटं दिसली, बसवराजचा हसरा चेहरा दिसला. मग मागून त्याच्या आईचा, सावित्रम्मांचा, बांगड्या भरलेला हात आला आणि खिडकी लागली.

विरुपाक्षनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ईश्वरप्पा जवळ आला होता. "रोज सकाळी चालू करतो मी," तो खाली बघत म्हणाला. "तो आवाज ऐकला की मगच जेवतो पोरगा."

"मग विकता कशाला?"

"हसतो की हो अण्णा. आवाज ऐकून हसतो. ते बगवत न्हाय मला."

विरुपाक्षला दया यायला हवी होती, आणि ती आलीही, पण तिच्या मागून, तिला बाजूला सारत, दुसरंच काही आलं. ईश्वरप्पा रोज वर जातो. हातानं ताट वाढतो. पाय चेपतो, कूस बदलतो, मुलगा त्याच्याशी बोलतो, गाडीचं बोलतो, चोकचं बोलतो... रोज रात्री दिवा मालवताना ईश्वरप्पाला ठाऊक असतं की आपला मुलगा कुठं आहे. तो आता कुठंही जाणार नाही. ना मुंबईला, ना मस्कतला. हेवा वाटला. विरुपाक्षला त्या खाटेचा हेवा वाटला, आणि वाटून गेल्यावरही तो गेला नाही.

तो बाहेर आला. ईश्वरप्पानं मोराची चादर दोघांच्या मनगटांवर टाकली. बैलबाजारातली रीत, बोली तोंडानं करायची नाही, चादरीखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि हात काढून घेतला की सौदा मोडला. कुणाला काही कळत नाही, कुणाचा आब जात नाही. ईश्वरप्पाचा हात ओलसर होता आणि नुसता पडून होता. त्याच्या बाजूनं काही मागणंच नव्हतं.

"खालनं बगितलं न्हवं तुमी," तो हळूच म्हणाला.

"बघितलं."

हात आता सुटणार म्हणून ईश्वरप्पानं बोटं सैल केली, त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखंही काही आलं. विरुपाक्षच्या जिभेवर शब्द तयार होता, रफू, एवढा एकच शब्द, तो घेऊन तर घरी जायचं होतं. गिरिजाबाईंनी आता पानं घेतली असतील. सिद्धाराम नेहमीसारखा पाटावर बसला असेल, ते लांब पाय बाहेर पसरून... त्या पायांवर त्याचं मन जाऊन थांबलं आणि तिथून हलेना; आणि चादरीखाली, कुणाला न दिसता, आपण ईश्वरप्पाची बोटं दाबतो आहोत, एक, दोन, तीन, हे त्याला ईश्वरप्पाचा चेहरा बदलला तेव्हा कळलं.

हात काढून घ्यायला हवा होता. कुणी धरलेला नव्हता. तो स्वतःच्या मनात घाबरून शोधू लागला, की हे करणारं आत काय आहे, राग आहे की वैर आहे... आणि त्याला तिथं मुलावरच्या मायेखेरीज काही सापडेना.